भरताना झक्कास होती, तीन आठवड्यांत लोण्याचा वास! इन्फेक्शन म्हणायचं का हे?

फेसाळगडी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडकलोय म्हणून लिहितोय. घरी केलेल्या बिअरची माझी ही तिसरी बॅच, साधी पेल एल, २० लिटर. पहिल्या दोन बऱ्या झाल्या होत्या, म्हणजे कुणी तोंड वाकडं केलं नाही इतपत. ही मात्र डोक्याला शॉट झालीये.

सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, यीस्ट साखर खाईल तशी उतरते) १.०५०, कोरडं एल यीस्ट ११ ग्रॅमचं एक पाकीट, फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, १९ डिग्रीला. दहाव्या दिवशी १.०१२ आलं, बाराव्या दिवशी परत मोजलं तर तेच, म्हणजे काम संपलं असं धरलं. मग १०० ग्रॅम हॉप्स, म्हणजे ती कडवट-सुगंधी फुलं, न उकळता थेट टाकून चार दिवस ड्राय हॉप केलं आणि सोळाव्या दिवशी बाटल्या भरल्या. साखर लिटरला ६ ग्रॅम, प्रत्येक बाटलीत वेगळी मोजून. भरताना अर्धा ग्लास प्यायलो, एकदम भारी, हॉप्सचा वास नुसता दरवळत होता.

आता तीन आठवडे झाले. काल पहिली बाटली उघडली तर आधी फेस उसळून ओटाभर, आणि उरलेली प्यायला गेलो तर हॉप्स कुठेच नाहीत, नुसतं लोणी! टॉफीसारखं गोडसर पण वाटतं आणि जिभेवर तेलकट थर बसल्यासारखा होतो. दुसरी उघडली, तीच कथा. सॅनिटायझर वापरला होता, कुठे आळस केल्याचं आठवत नाही. हे इन्फेक्शनच ना? की काही वाचवता येईल? पस्तीसेक बाटल्या आहेत हो.

निवांतबुवा:
इन्फेक्शन. लोणी अधिक फेस म्हणजे पेडिओकॉकस, बिअर नासवणारा जिवाणू, विषय संपला. ओतून टाक, नळ्या फेकून दे, नवीन घे. माझ्याकडे झालं होतं, महिनाभर जीव लावून बसलो की सुधारेल सुधारेल, आणि शेवटी मोरीतच गेली.

मोजूनमापून:
बुवा, थांबा जरा, इतक्यात मोरीपर्यंत कशाला पोचताय. पेडिओकॉकस असूही शकतो, पण लोणी आणि जास्तीचा गॅस एकत्र यायला तोच एक लागतो असं नाही.

फेसाळगडी, लोण्याचा वास म्हणजे डायॲसिटिल, ते तुम्ही बरोबर ओळखलंय, जिभेवरचा तेलकट थर ही तर त्याची खूणच. पण हे डायॲसिटिल यीस्ट थेट बनवत नाही, इथे बरेच जण फसतात. यीस्ट वाढत असताना त्याच्या पेशीतून एक आधीचा पदार्थ बाहेर गळतो, अल्फा-ॲसिटोलॅक्टेट नावाचा, आणि त्याला ना वास ना चव. तो बाहेर बिअरमध्ये हळूहळू आपोआप बदलून डायॲसिटिल होतो आणि मग तेच यीस्ट ते डायॲसिटिल परत आत ओढून घेऊन त्याची वास नसलेली गोष्ट करून टाकतं. म्हणजे पसारा घालणारं यीस्टच आणि आवरणारंही तेच, फक्त आवरायला त्याला वेळ आणि ऊब दोन्ही द्यावं लागतं. त्यामुळे भरताना चव छान होती याचा अर्थ बिअर तयार होती असा होत नाही, बिनवासाचा माल आत पडून असू शकतो आणि पुढे बाटलीत त्याचं लोणी होतं.

आता मला एवढं सांगा:
बिअर आंबट लागते का, अगदी किंचित सुद्धा? बाटलीच्या मानेला आतून पांढरट कडं धरलंय का, ओतताना धार चिकट तारेसारखी येते का?
आत्ता ग्रॅव्हिटी किती आहे? एक बाटली दोन ग्लासांत उलटसुलट ओतून ओतून गॅस पूर्ण काढा, २० डिग्रीला येऊ द्या आणि मगच हायड्रोमीटर सोडा. बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि आकडा खोटा येतो. रिफ्रॅक्टोमीटर असला तर तो बाजूला ठेवा, अल्कोहोल असलेल्या बिअरमध्ये त्याचा आकडा तसाच्या तसा चालत नाही.
ड्राय हॉप झाल्यावर, भरायच्या आधी ग्रॅव्हिटी मोजली होती का?

आणि तोवर त्या बाटल्या एखाद्या झाकणाच्या खोक्यात ठेवा प्लीज. उघड्यावर नको. मी घाबरवत नाहीये, पण ठेवाच.

उशिरा_आलेला:
याच धाग्यात घुसतो, राग मानू नका. माझ्या बिअरला लोणी वगैरे नाही, थेट बँडेजच्या पट्टीसारखा वास येतो, दवाखान्यात शिरल्यासारखं. दोन बॅचेस ओळीने. पहिली ओतली, दुसरी ठेवलीये की वेळ गेला की जाईल. जाईल का?

मोजूनमापून:
@उशिरा_आलेला नाही जाणार, वाट बघू नका. पाण्यातला क्लोरिन किंवा क्लोरामिन माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) फिनॉलला जाऊन चिकटला की क्लोरोफिनॉल होतं, आणि ते इतकं कमी लागतं की अब्जात काही भागांनीच अख्खी बिअर बाद. तुम्ही नळाचं पाणी घेताय का, आणि भांडी ब्लीचने धुताय का, दोनातलं एक असणारच.

उशिरा_आलेला:
नळाचंच. पण उकळतो की मी, तासभर. क्लोरिन उडून जात नाही का?

चौथीवाफ:
क्लोरिन उडतो हो, पण क्लोरामिन उकळून सहजासहजी जात नाही, आणि नळाला काय येतंय ते आपल्याला वासावरून कळत नाही. शिवाय तुम्ही ज्या पाण्यात माल्ट भिजवता ते कुठे आधी तासभर उकळलेलं असतं, तेव्हाच तर जोडी जमते. मेटाबायसल्फाइटची गोळी, ज्याला कॅम्पडेन म्हणतात, ती एक साधारण ७५ लिटरला पुरते, म्हणजे २० लिटरला पाव गोळी चुरून पाण्यात ढवळायची, काही मिनिटांत दोन्हीचा निकाल लागतो. माल्ट घालायच्या आधी हं, नंतर नाही. आणि ब्लीच बंद करा, बिअरच्या आसपास फिरकू देऊ नका. मी हे केल्यापासून दवाखाना कायमचा बंद झाला.

मूळ प्रश्नावर माझा एक अनुभव. वासाला आपण जे शब्द वापरतो ना, त्यांनी फार घोळ होतो. मी एकदा सगळ्यांना सांगत सुटलो की माझ्या बिअरला पॉपकॉर्नचा वास येतोय, आणि सगळ्यांनी मला हेच सांगितलं, डायॲसिटिल, उबेला ठेव, यीस्टला वेळ दे. ठेवली बापडी तीन आठवडे, ढिम्म फरक नाही. शेवटी एका जाणत्या माणसाने वास घेऊन विचारलं, अरे हे पॉपकॉर्नवरचं लोणी आहे की उकडलेला मका? मका होता! ती भलतीच गोष्ट, डायमेथिल सल्फाइड. फिक्या माल्टमध्ये त्याचा कच्चा माल असतो, वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, उकळताना तो फुटतो आणि वाफेबरोबर निघून जातो, आणि मी गॅस वाचवायला भांड्यावर झाकण ठेवून उकळत होतो, म्हणजे जे बाहेर जायचं तेच थेंब होऊन परत आत. झाकण काढलं, ६० मिनिटं चांगलं खळाखळा उकळलं, लगेच गार केलं, संपला प्रश्न. तेव्हा फेसाळगडी, तुमचं नक्की लोणीच ना? तेलकटपणा लिहिलाय म्हणजे असावं, तरी खात्री करा.

निवांतबुवा:
करा खात्री, करा. पण मानेला कडं दिसलं की या धाग्यावर येऊन बुवा बरोबर होता असं लिहायचं.

फेसाळगडी:
आलो. सगळं केलं सांगितल्याप्रमाणे.

लोणीच आहे, मका नाही. आंबट अजिबात नाही, मी प्यायलो, बायकोने प्यायली, तिला तर विचारलंही नव्हतं आंबट आहे का म्हणून, ती म्हणाली टॉफी आहे ही, बिअर कुठेय. मानेला कडं नाही, टॉर्च मारून बघितलं. धार नॉर्मल. गॅस काढून काढून मोजली, १.००९ आली. विश्वास बसला नाही म्हणून दुसरी बाटली मोजली, तीही १.००९.

ड्राय हॉपनंतर मोजली नव्हती. आधी दोनदा एकच आकडा आला होता म्हणून म्हटलं आता कशाला, अजून एक ग्लास वाया.

एक गोष्ट मात्र आधी लिहायची राहिली, महत्त्वाची आहे का माहीत नाही. माझा फर्मेंटर लहान पडला होता म्हणून शेवटचं ४ लिटर वर्ट एका काचेच्या बरणीत वेगळं फर्मेंट केलं होतं, यीस्ट एकाच भांड्यात भिजवून दोन्हीकडे वाटून टाकलं. बरणीच्या तोंडातून हॉप्सची पिशवी आत जाईना म्हणून तिला ड्राय हॉप केलंच नाही. त्या आठ बाटल्यांच्या कॅपवर मार्करने फुली मारलीये. आज तुमच्या प्रश्नांमुळे आठवलं म्हणून त्यातली एक उघडली. फेस नीट, चव नीट, लोण्याचा मागमूस नाही! ग्रॅव्हिटी १.०१२. नळी तीच, सॅनिटायझर तोच, भरलं त्याच दिवशी.

मोजूनमापून:
महत्त्वाची आहे का म्हणे! अहो तुम्ही नकळत अख्खा प्रयोग करून बसलात आणि तळटीपेत सांगताय. फुलीवाल्या बाटल्यांनी निकाल दिलाय.

यीस्ट तेच, वर्ट तेच, नळी तीच. नळीतून काही शिरलं असतं तर फुलीवाल्यांनाही भोवायला हवं होतं. यीस्टमध्येच एखादी जास्तीची साखर खाणारी जात मिसळली असती तरी ती दोन्हीकडे गेली असती. फरक एकच, हॉप्स. याला हॉप क्रीप म्हणतात. हॉप्समध्ये थोडे एन्झाइम असतात, उकळताना टाकलेल्या हॉप्समधले उष्णतेने मरतात, पण ड्राय हॉपचे जिवंतच आत जातात. यीस्टला न खाता येणारी मोठी साखर, जिच्यामुळे तुमचा आकडा १.०१२ वर थांबला होता, ती हे एन्झाइम तोडून लहान करतात. झोपलेल्या यीस्टसमोर परत ताट आलं, ते उठलं, परत खायला लागलं, आणि खाताना परत तोच बिनवासाचा माल बाहेर सोडला. तुम्ही नेमकं त्याच वेळी बाटलीत भरलंत. तुमचं १६ लिटरला १०० ग्रॅम म्हणजे लिटरला सहा ग्रॅमच्या वर गेलं, चांगलंच हॉपिंग आहे ते.

आणि ही काही आजकालच्या भरमसाट हॉप्सवाल्या बिअरची नवी भानगड नाही बरं का. ब्राऊन आणि मॉरिस या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ मध्येच लिहून ठेवलंय की ड्राय हॉपमध्ये साखर तोडायची ताकद असते. मग लोक विसरले, आणि ड्राय हॉपचं प्रमाण वाढलं तसं परत सगळ्यांना आठवलं.

आता खोक्यात का ठेवायला सांगितलं ते. ग्रॅव्हिटी एक पॉइंट, म्हणजे ०.००१, उतरली की बिअरमध्ये साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस वाढतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका गॅस). तुमचे तीन पॉइंट उतरलेत, म्हणजे दीड व्हॉल्यूम. तुमच्या साखरेने आधीच २.४ च्या आसपास होणार होता. बेरीज करा, जवळजवळ चार. साधी बिअरची बाटली तीनच्या आसपासपर्यंत भरवशाची, त्यापुढे नशीब. एक जरी फुटली तर काचा भिंतीत घुसतात, आणि शेजारची तिच्याबरोबर जाते. चव नंतर बघू, आधी हे.

करायचं असं. खोकं न हलवता अख्खंच्या अख्खं फ्रिजमध्ये, कमीत कमी एक दिवस. हात लावताना चष्मा, जाड हातमोजे, बाटलीभोवती टॉवेल. गार झाल्यावर ओपनरने कॅपची कड जरा उचलायची, फुस्स झालं की सोडायची. गार बिअर गॅस सहज सोडत नाही, म्हणून एकदा फुस्स करून भागत नाही, अर्ध्या तासाने परत, असं तीनचार वेळा. फेस तोंडाशी आला की तशीच फेसावर नवी कॅप दाबायची, म्हणजे आत हवा राहत नाही. फुलीवाल्यांना काही करू नका.

चौथीवाफ:
मग फ्रिजमध्येच राहू द्यायच्या ना? गारठ्यात यीस्ट झोपेल, गॅस वाढायचा थांबेल.

मोजूनमापून:
तीच तर गंमत आहे. फ्रिजमध्ये ठेवल्या तर गॅस थांबेल, पण लोणी आवरणारं यीस्टही झोपेल, मग लोणी जन्मभर तसंच. बाहेर ठेवल्या तर लोणी जाईल पण गॅस वाढायचा धोका. म्हणून आधी गॅस सोडायचा, मग परत २० डिग्रीला आणायच्या, झाकणाच्या खोक्यातच, आणि दर तीन दिवसांनी एक उघडून बघायची. ग्रॅव्हिटी १.००९ च्या खाली अजून घसरताना दिसली की परत फुस्स. लोणी गेलं की सगळ्या फ्रिजमध्ये.

गेलं की नाही हे नुसत्या चवीने ठरवू नका, रोज तोच वास घेऊन नाक मरतं. दोन छोट्या बरण्यांत थोडी थोडी बिअर घ्या, दोन्हीला झाकण. एक गरम पाण्यात ठेवा, पाणी ६० ते ७० डिग्री, अर्धा तास. दुसरी तशीच. मग गरमवाली गार करून दोन्ही सारख्या तापमानाला आणा आणि झाकण उघडून वास घ्या. गरम केल्याने लपलेला माल लगेच लोणी होतो. दोन्हीत वास नाही म्हणजे खरंच संपलं. गरमवालीतच आहे म्हणजे वरून छान, आतून बाकी. दोन्हीत आहे म्हणजे अजून वेळ द्या. भरायच्या आधी ही चाचणी केली असती तर तेव्हाच कळलं असतं.

निवांतबुवा:
पेडिओकॉकस नव्हता हे मान्य. पण गड्याने फुल्या मारल्या नसत्या तर तुम्हालाही इतकं छातीठोक सांगता आलं नसतं, हे तुम्ही मान्य करा. आणि माझी त्या वेळची बॅच आंबट होती हो, मी उगाच नाही ओतली.

मोजूनमापून:
मान्य, शंभर टक्के. फुल्या नसत्या तर मीही अजून प्रश्नच विचारत बसले असते. आंबट होती तर तुम्ही ओतलीत तेही बरोबर.

फेसाळगडी:
तेरा दिवसांनी अपडेट.

गॅस सोडताना पहिल्या बाटलीला घाई केली, फ्रिजमध्ये चारच तास ठेवली होती, कारंजं थेट छताला. अजून डाग आहे. बाकीच्या मुकाट्याने दोन दिवस गार केल्या आणि चार-चार वेळा फुस्स केलं, रात्री साडेअकरापर्यंत स्वयंपाकघरात नुसतं फुस्स फुस्स, बायको म्हणाली साप पाळलेत का. एकही फुटली नाही.

बरण्यांची चाचणी तीनदा केली. पहिल्यांदा दोन्हीत लोणी, गरमवालीत तर नाक धरायची वेळ. सहाव्या दिवशी साधीत जवळजवळ नाही, गरमवालीत स्पष्ट. म्हणजे त्या दिवशी नुसतं पिऊन बघितलं असतं तर मी सगळ्या फ्रिजमध्ये टाकल्या असत्या आणि परत फसलो असतो. काल दोन्हीत नाही, बायकोला डोळे मिटून वास घ्यायला लावला, तिलाही ओळखता आलं नाही कुठली कुठली ते. ग्रॅव्हिटी १.००८ वर दोनदा तीच आली. सगळ्या आत टाकल्या.

चव? पिण्यासारखी झालीये. लोणी गेलं पण हॉप्सचा तो पहिला दरवळ काही परत आला नाही, जरा कोरडीही लागते आधीपेक्षा.

मोजूनमापून:
दरवळ येणार नाही आता, इतक्यांदा कॅप उघडून झाल्यावर थोडा गेलाच असणार, गॅसबरोबरही जातो आणि हवेनेही. कोरडी लागणारच, चार पॉइंट साखर गेली की. लवकर पिऊन संपवा, साठवायची ही बॅच नाही, ठेवलीत तर पुठ्ठ्यासारखी लागायला लागेल.

पुढच्या वेळी ड्राय हॉप यीस्ट जागं असतानाच, म्हणजे शेवटचे चारपाच पॉइंट बाकी असतानाच टाका, तापमान २० च्या जरा वर न्या, आणि हॉप्स टाकल्यावर परत दोनदा मोजून आकडा हलत नाही आणि बरण्यांत वास नाही हे बघूनच बाटल्या काढा. तो एक ग्लास वाया जाऊ द्या हो.

उशिरा_आलेला:
माझी पाव गोळीवाली बॅच काल उकळली. दवाखान्याचं काय होतं ते तीन आठवड्यांनी सांगतो. बुवा, मोरी तयार ठेवा.

निवांतबुवा:
मोरी कायम तयार असते. फेसाळगडी, त्या फुलीवाल्यांतली एखादी उरली असेल तर झाकून ठेव, पुढच्या बॅचशेजारी ठेवून चाखायला उपयोगी पडेल.

फेसाळगडी:
उरलीये एक. बायकोने त्यावर दुसरी फुली मारलीये, म्हणजे आता ती तिची.